फिटनेस बँड किशोरवयीन मुलांना खेळते करतो का? चार महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने चार महिने वापरलेल्या फिटनेस बँडचे हे परीक्षण आहे. यंत्र म्हणून तो उत्तम आहे; चार्जिंग आठवडाभर पुरते आणि पट्टा घामाने काचत नाही. मात्र तो घेतला होता तिची हालचाल वाढावी म्हणून, आणि त्याविषयी अधिक सांगायचे आहे.

सुरू करताच बँड दिवसाला 10,000 पावलांचे लक्ष्य ठरवून देतो. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता आणि तेथून तो रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी पावले सांगतच नाही. ती दिवसाला सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. बँड मनगटाच्या हालचालीवरून पावले मोजतो, पण सायकल चालवताना हात हँडलवर स्थिर राहतो, त्यामुळे तासभर सायकल चालवून दमून आलेल्या मुलीला लक्ष्य अपुरे राहिल्याचा संदेश वाचावा लागला, हे मला फार खटकले.

खरा घोटाळा केला तो मैत्रिणींच्या गटातील पावलांच्या क्रमवारीने. पहिले तीन आठवडे ती जेवणानंतरही खोलीत येरझाऱ्या घालत असे, पण सलग शेवटचा क्रमांक येऊ लागला तसा बँड टेबलाच्या खणात गेला. या वयात आपल्याकडे कोण कसे पाहते याचा धाक मोठा असतो, आणि मुलींना तो अधिक जाणवतो असे मला वाटते. 146 देशांतील शाळकरी मुलांच्या 2016 पर्यंतच्या माहितीवरून 11 ते 17 वयोगटातील 85 टक्के मुली आणि 78 टक्के मुलगे पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले होते. पाळीचे दिवस, खेळताना घालायचे कपडे, मैदानापर्यंतचा सुरक्षित रस्ता यांपैकी काहीही बँडला मोजता येत नाही. एका मैत्रिणीने बॅडमिंटनला बोलावले, तेव्हा ती पुन्हा खेळू लागली. त्या दिवशी मी पावले विचारली, तर ती म्हणाली, “आई, मी खेळून आले ना, मग आकडा कशाला?” त्यानंतर मी विचारणे सोडले.

झोपेची नोंद मात्र अतिशय उपयोगी पडली. झोपेच्या टप्प्यांचा तपशील अंदाजाचाच असतो, पण एकूण तास कळतात. या वयाला 8 ते 10 तासांची झोप हवी असताना ती जेमतेम साडेसहा तास झोपत होती, आणि संध्याकाळी तिला खेळायला का नको वाटते हे मला त्या नोंदीवरून उमगले. आता रात्री दहानंतर आम्हा दोघींचेही फोन बाहेरच्या खोलीत असतात.

क्रमवारी बंद करता येईल, पावलांऐवजी मिनिटांचे लक्ष्य ठेवता येईल आणि नोंदी मुलांच्याच ताब्यात राहतील, असाच बँड घ्यावा. आमच्याकडे सध्या तो रात्री झोपताना बांधला जातो. खेळायला जाताना ती तो काढून ठेवते आणि त्याला माझी हरकत नाही.