फेनोमेनॉलॉजी, फॉर्मल थिअरी की लॅटिस? कणभौतिकीत पीएचडीचा विषय निवडताना

सैद्धांतिक कणभौतिकीत पीएचडी करायची एवढं ठरलं, तरी निम्मंच ठरलेलं असतं. बाहेरच्याला सगळे थिअरीवाले सारखेच वाटतात, पण आर्काइव्हवर (जिथे भौतिकीचे पेपर छापण्याआधी टाकतात ते संकेतस्थळ) त्यांचे कप्पे वेगळे आहेत: हेप-पीएच (फेनोमेनॉलॉजी), हेप-टीएच (फॉर्मल थिअरी) आणि हेप-लॅट (लॅटिस). 'सगळ्यात खोल विषय कोणता' या निकषावर निवड करणारे पुष्कळ भेटतात. मला तो निकष कुचकामी वाटतो. आपलं चुकलंय हे आपल्याला कोण सांगणार, आणि किती लवकर, हे बघून ठरवावं.

फेनोमेनॉलॉजीत ते प्रयोग सांगतो. एखादा नवा कण आहे असं मानलं तर २७ किलोमीटर घेराच्या, प्रोटॉनच्या टकरी घडवणाऱ्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये काय दिसेल, आणि आजवरच्या निकालांपुढे ते मॉडेल टिकतं का, हे तपासणं हे इथलं रोजचं काम. फेनरूल्स या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल लिहायचं, मॅडग्राफमधून टकरी काढायच्या, पिथियाने कणांचे जेट (एका दिशेने जाणारे झोत) बनवायचे, मग डिटेक्टरची नक्कल. म्हणजे दिवसाचा मोठा भाग कोड दुरुस्त करण्यात जातो. कागद-पेन्सिलीची स्वप्नं घेऊन आलेल्यांचा इथे हिरमोड होतो.

प्रयोग किती निष्ठुर असतो याचा नमुना म्हणजे ७५० जीईव्हीचं प्रकरण (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं एकक). डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या कोलायडरवरच्या दोन्ही प्रयोगांना फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) जोड्यांमध्ये त्या ऊर्जेपाशी अपेक्षेपेक्षा थोडी जास्त नोंद दिसली. तो नवा कण असेल असं धरून स्पष्टीकरणांचे शेकडो पेपर आले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि तो उंचवटा नाहीसा झाला. त्या लाटेत उतरलेले विद्यार्थी झटपट आकडेमोड शिकले, पण तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. शिवाय २०१२ मध्ये सुमारे १२५ जीईव्हीचा हिग्ज कण सापडल्यानंतर त्या यंत्रात एकही नवा मूलकण हाती लागलेला नाही. म्हणून आज या वाटेने जाणाऱ्याने 'माझा लाडका नवा कण' छापाच्या विषयापेक्षा इफेक्टिव्ह फील्ड थिअरी (ठराविक नवा कण न धरता त्याचे अप्रत्यक्ष परिणाम मोजण्याची रीत), अचूक गणितं किंवा न्यूट्रिनो (जवळजवळ कशाशीच न भिडणारे कण) बघावेत. न्यूट्रिनोचं तर पक्कं आहे: १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने त्यांचं दोलन (एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं) दाखवलं, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे, आणि मूळ स्टँडर्ड मॉडेलमध्ये (मूलकणांच्या मान्य सिद्धांतात) त्याला जागा नव्हती.

फॉर्मल थिअरीत, म्हणजे सिद्धांतांच्या गणिती रचनेच्या अभ्यासात, प्रयोग मध्ये बोलत नाही. प्लँक ऊर्जा (जिथे गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम ठळक होतात) कोलायडरच्या १३.६ टीईव्हीपेक्षा (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) दशलक्ष अब्ज पटींच्या आसपास वर आहे, तेव्हा मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपनं असं मानणाऱ्या स्ट्रिंग थिअरीची थेट परीक्षा तुमच्या पीएचडीत होणार नाही. चूक पकडतं ते गणितच: तेच उत्तर दुसऱ्या मार्गाने येतं का, सिमेट्री पाळली जाते का, ठाऊक असलेल्या मर्यादेत जुनंच सूत्र मिळतं का. माल्दासेनाचा १९९७ चा एडीएस-सीएफटीचा दावा (गुरुत्वाकर्षण असलेला एक सिद्धांत आणि त्याच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षणाविना सिद्धांत मुळात एकच आहेत, असा) अशाच असंख्य चाचण्यांतून गेला. सर्वसाधारण सिद्धता अजून नाही, तरी त्यावर अख्खं क्षेत्र उभं आहे. इथे तयारीतच पहिली एक-दोन वर्षं जातात. पेपर उशिरा येतात आणि गाईडवर अवलंबून राहणं फार. सहा-सहा महिने 'आपण बरोबर दिशेला आहोत का' हे न कळता काम करता येत असेल, तरच इकडे या.

लॅटिसचं थोडक्यात. १९७४ मध्ये विल्सनने स्थळकाळाची जाळी (लॅटिस) करून क्वार्कचं (प्रोटॉन ज्यांचे बनतात त्या कणांचं) गणित मांडण्याची रीत दिली. आज ते सुपरकॉम्प्युटरवर, मोठ्या गटांत चालतं. इथे जाब विचारतो तो स्वतःचाच त्रुटींचा हिशेब. म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) चुंबकत्वाचा प्रयोग आणि थिअरी यांच्यातल्या ज्या तफावतीवर इतकी वर्षं चर्चा झाली, ती २०२५ च्या थिअरी अंदाजात लॅटिसचे आकडे घेतल्यावर जवळजवळ उरलीच नाही. नव्या कणाची आशा लावून बसलेल्यांना ते रुचलं नसेल, पण काम अस्सल आहे.

नोकरीच्या बाबतीत तिन्हीकडे पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या) जागा थोड्या आणि दोन-तीन वर्षांच्याच. विद्यापीठाबाहेर पडायची वेळ आली तर लॅटिस आणि फेनोवाल्यांचं कोडिंग, सांख्यिकी कामी येते. फॉर्मलवाल्यांना ते बहुधा वेगळं शिकावं लागतं.

अजूनही ठरत नसेल, तर मी कणांच्या टकरीतून काय निघेल याची शक्यता देणारी गणितं, म्हणजे स्कॅटरिंग अ‍ॅम्प्लिट्यूड सुचवेन. दोन ग्लुऑनमधून (क्वार्कांना बांधणाऱ्या कणांमधून) चार ग्लुऑन निघण्याच्या गणितात २२० फाइनमन आकृत्या (एकेक आकृती म्हणजे टकरीची एक शक्य वाट) येतात. पार्क आणि टेलर यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की काही ठराविक हेलिसिटींसाठी (कणांच्या फिरकीच्या दिशांसाठी) उत्तर एका ओळीत मावतं. गरज कोलायडरची होती, पण त्या ओळीतून पुढे फॉर्मल थिअरीची एक मोठी शाखा फुटली. हेप-पीएच आणि हेप-टीएच या दोन्ही कप्प्यांत पेपर टाकणारा गाईड मिळाला, तर निवड वर्षभर लांबणीवर टाकता येते, आणि तोवर शिकलेली क्वांटम फील्ड थिअरी कुठेच वाया जात नाही. मात्र गाईडला होकार देण्याआधी त्याचे गेल्या तीन वर्षांतले पेपर चाळा, आणि त्याच्याकडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना विचारा, की पहिला पेपर यायला किती काळ लागला.