शुगर लँडमधली साखर: ५ पैकी ४

कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे पाक आटवून दाणा पाडतात त्या भांड्यावर, केमिस्ट म्हणून ३१ हंगाम काढले. त्यामुळे टेक्सासात, शुगर लँडला लेकीकडे आल्यावर बॅगा उघडायच्या आधी ओट्यावरची साखर उघडली आणि चिमूटभर तळहातावर घेतली. ‘इम्पीरियल’, एक्स्ट्रा फाइन, ४ पौंडांची कागदी पिशवी. म्हणजे साधारण १.८ किलो.

दाणा आपल्या एस-३० या बारीक प्रतीपेक्षाही बारीक, पण एकसारखा. भुकटी नाही, खडे नाहीत. आपली नेहमीची साखर गंधकाची धुरी दिलेली असते, डब्यात फार दिवस राहिली की पिवळसर झाक धरते. ही रिफाइंड. पेल्यात विरघळवून खिडकीशी धरली, तर पाणी कुठलं आणि पाक कुठला ते कळेना. शिऱ्यात झटकन विरते, सरबताला दोनदा ढवळलं की झालं. चहाचं गणित मात्र चुकतं, कारण बारीक दाणा चमच्यात दाटून बसतो. पहिले दोन दिवस सगळ्यांनी गोडमिट्ट चहा प्यायला. नानकटाईवर पेरायला तर ही साखर अगदीच बिनकामाची, दाताखाली काही येतच नाही. तिथं आपला मध्यम दाण्याचा एम-३०च हवा.

जावयाला म्हटलं, या साखरेचा इथला कारखाना दाखव. तो म्हणाला, “बाबा, तो २००३ मध्येच बंद झाला.” शेतात ऊस तर त्याच्याही कितीतरी आधी संपलेला, कच्ची साखर बाहेरून आणून इथं नुसती शुद्ध करायचे. आता या ब्रँडची रिफायनरी जॉर्जियात, सव्हानाजवळ. गावात उरलंय ते ‘चार हाउस’. मला वाटलं चार घरं असतील! ‘चार’ म्हणजे कोळसा. १९२५ च्या सुमाराची, लाल विटांची आठमजली इमारत. साखरेचा रंग काढायला पाक हाडांच्या कोळशातून गाळायचे, ते काम इथं चाले. मी कौतुकानं सांगत होतो आणि सौ. एकदम थांबल्या. “हाडांच्या?” त्या दिवसापासून नैवेद्याला इंडियन स्टोअरमधला गूळ.

बाकी गाव म्हणजे ह्यूस्टनचं उपनगर. १९७०च्या दशकापासून मोठमोठ्या वसाहती झाल्या. तळी, हिरवळ, सारखी घरं. संध्याकाळी फिरताना निम्मे लोक आपलेच भेटतात, उसाचं टिपरू मात्र औषधालाही नाही.

पण त्या उसाची खूण जमिनीत होती. २०१८ मध्ये शाळेच्या बांधकामाची खोदाई करताना ९५ जणांचे सांगाडे सापडले. गुलामगिरी कायद्यानं संपल्यावर इथले मळेवाले सरकारकडून कैदी भाड्यानं घेत, बहुतेक कृष्णवर्णीय, हे त्यातलेच. सगळ्यात लहान १४ वर्षांचा. रेजिनाल्ड मूर नावाचे तुरुंगाचे माजी पहारेकरी कित्येक वर्षं सांगत होते, इथं कबरी असणार, नीट बघा. जावयानं गाडी त्या बाजूनं नेली. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेल्या ऊसतोड टोळ्या मी आयुष्यभर पाहिल्या, पण ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या अलीकडून, मस्टर आणि पंखा असलेल्या बाजूनं. या कैद्यांना उचलसुद्धा नव्हती. परतीच्या वाटेवर मी फारसं बोललो नाही.

साखरेला ५ पैकी ४. एक गुण दाण्यासाठी कापलाय. पिशवी एकदा उघडली की डब्यात ओता, कागदाला इथली दमट हवा सोसत नाही. आमची आठवड्यात गठ्ठा झाली.