नऊ महिने वापरून: मेडिकलचं सॉफ्टवेअर, खत-बियाण्याचं दुकान

पाडव्याला घेतलं, आता तुरी काढणीला आल्यात. परभणी-जिंतूर रस्त्यावर आमचं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांच्या वेळचं. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण मेडिकल स्टोअरसाठी ते चांगलं असेलही. विकणारा म्हणाला, "तिथं बॅच, इथं बॅच. तिथं एक्सपायरी, इथं एक्सपायरी. फरक काय?" आमच्याकडं फवारणीच्या डब्यालाही औषधच म्हणतात, त्यामुळं मलाही पटलं. पहिल्या वर्षाचे 14 हजार मोजले.

पहिल्याच बिलाला कळलं. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'पेशंट'. खाली 'डॉक्टर'चा रकाना, तो भरल्याशिवाय बिल पुढं सरकत नाही. मालाचं एकक 'स्ट्रिप'. म्हणजे बापू नावाच्या आमच्या गिऱ्हाइकाला मिळालेलं पहिलं छापील बिल असं: डॉक्टर 'सेल्फ', युरिया 45 किलो, 2 स्ट्रिप. माझी आठ वर्षांची पोरगी इंग्रजी शाळेत जाते आणि सध्या दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचते. ती काउंटरवर बसलेली. दुकान भरलेलं. "आजोबा, तुम्ही पेशंट आहात? तुम्हाला काय झालंय?" बापू म्हणाले, "शेती झालीय माय." सगळे हसले, मीही हसलो, आणि संध्याकाळी कंपनीला फोन लावला. लागला नाही.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. आम्हाला तीन लागतात: बियाण्याचा 1983 च्या नियंत्रण आदेशाखाली, खताचा 1985 च्या, कीटकनाशकाचा 1968 च्या कायद्याखाली. सॉफ्टवेअरमध्ये चौकट एकच, 'ड्रग लायसन्स'. तिन्ही नंबर त्यात कोंबले तर शेवटचा अर्धा छापतो. आता रबरी शिक्का मारतो. युरिया-डीएपी खत पॉस मशीनवर गिऱ्हाइकाची ओळख नोंदवूनच द्यावं लागतं, त्या मशीनचा आणि ह्याचा काही संबंध नाही, सगळं दोनदा. हे सोसता येतं.

सोसता न येणारी गोष्ट तारखेची. गोळ्यांच्या पाकिटावर महिना आणि वर्ष असतं, आणि तो महिना संपेपर्यंत माल चालतो. सॉफ्टवेअरही तसंच बनवलंय, तारीख टाकायला जागाच नाही. बियाण्याचं तसं नसतं. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून 9 महिने, आणि टॅगवर नेमका दिवस असतो. टॅगवर 12 जून असेल, तर सॉफ्टवेअर 30 जूनपर्यंत हिरवं दाखवतं. आणि आमचा सगळा धंदा मृगापासून त्या तीन आठवड्यांतच असतो! यंदा सोयाबीनच्या 6 बॅगा मी अशाच विकता विकता वाचलो, तेही गोदामातल्या हमालानं टॅग वाचून सांगितलं म्हणून. त्या दिवसापासून मुदतीची यादी भिंतीवर खडूनं लिहितो.

दुसरी खोड मोबाईल नंबरची. आतमध्ये गिऱ्हाइकाची ओळख नंबरावरून ठरते, नावावरून नाही. शहरात बरोबर असेल. इथं एका घरात एक फोन, आणि खाती चार: बापाचं, दोन भावांचं, बटईनं केलेल्या रानाचं. म्हाताऱ्या माणसांकडं फोनच नाही. दुकानातल्या पोरानं वाट काढली, नंबर नसेल तिथं 9 हा आकडा दहा वेळा टाकायचा. जुलैत तीन शेतकरी आले की सोयाबीन उगवलं नाही. सोयाबीनची उगवण निदान 70 टक्के असायला हवी, तालुक्याच्या समितीपुढं तक्रार जाणार, मला बघायचं होतं की तो लॉट, म्हणजे बियाण्याची तीच बॅच, आणखी कुणी नेलाय. रिपोर्ट काढला तर त्या लॉटच्या बहुतेक बॅगा एकाच माणसानं नेलेल्या. दहा नऊवाल्यानं! तपासलं तर 63 जणांची खरेदी आणि उधारी त्याच्या नावावर साचलेली. आमच्या पोराला वाटलं होतं की नाव वेगळं टाकलं म्हणजे माणूस वेगळा. सॉफ्टवेअरनं दर वेळी जुनं नाव पुसून नवं लिहिलं होतं. ते खातं सोडवायला मला नि वडिलांना आठ रात्री लागल्या, आणि तेही वडिलांनी माझ्या नकळत वही चालू ठेवली होती म्हणून.

नाव शोधायचा प्रकारही असाच. मराठीत टाकलं की जतन केल्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. भाचा पुण्यात ह्याच कामात आहे, तो म्हणाला आतले रकाने युनिकोडचे नाहीत, फक्त इंग्रजी अक्षरांचे आहेत. मग इंग्रजीत. आता ज्ञानोबा हे नाव इंग्रजीत 'डी'नं लिहा, 'जी'नं लिहा, 'जे'नं लिहा, प्रत्येक वेळी नवा माणूस जन्माला येतो. आमच्या एका गावात सात ज्ञानोबा आहेत. सॉफ्टवेअरमध्ये एकोणीस.

आणि लाल रंग. बिल झाल्यावर 30 दिवसांत पैसे आले नाहीत की नाव लाल होतं आणि पुढं 'डिफॉल्टर' येतं. आमच्याकडं जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे सोयाबीन घरात आल्यावर, दसरा-दिवाळीला येतात. ते सगळ्यांना माहीत असतं, कुणी तोंडानं म्हणत नाही. जुलैच्या मध्यावर अर्धा तालुका लाल झाला. पोरीनं मला विचारलं होतं डिफॉल्टर म्हणजे काय. मी बिलाच्या गडबडीत म्हणलो, पैसे बुडवणारा. दोन दिवसांनी एक मामा आले, माझ्या लग्नात वरातीपुढं नाचलेले, दरवर्षी न मागता पैसे आणून देणारे. पोरीनं स्क्रीन वाचला आणि भरल्या दुकानात विचारलं, "पप्पा, हे मामा पण पैसे बुडवणारे आहेत?"

कुणी हसलं नाही. मामांनी घ्यायला ठेवलेली बुरशीनाशकाची पुडी परत काउंटरवर ठेवली. मी काय बोललो आठवत नाही. रात्री मामांच्या घरी गेलो, चहा घेतला, विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ते पैसे घेऊन आले, म्हैस विकून की कुणाकडून उसने, विचारायची हिंमत झाली नाही. पोरीला रागवायला गेलो तर बायको म्हणाली, "तिनं लिहिलेलं वाचलं. लिहिलं कुणी?" वडील त्यावर एवढंच म्हणाले, वहीला तोंड नव्हतं. स्क्रीन आता भिंतीकडं तोंड करून ठेवलाय, आणि मुदत 30 ऐवजी 200 दिवस केलीय. ती सेटिंग शोधायला मला ऑक्टोबर उजाडला.

चांगलं काय? कीटकनाशकांची मुदत संपत आलेल्या डब्यांची यादी खरंच नेमकी येते, त्यामुळं यंदा बराच माल वेळेत कंपनीला परत गेला. साठा एका क्लिकवर दिसतो. लाईट गेली तरी लिहिलेलं बिल जात नाही. पाचपैकी दोन तारे देतो, आणि ते दोन ह्या यादीचे.

मागच्या आठवड्यात विकणारा पुढच्या वर्षाचे 4,500 मागायला आला. चहा मागवला, मी कपाटातून तक्रारींचा कागद काढत होतो. पोरगी त्याच्याकडं बघत होती, तेवढ्यात म्हणाली, "पप्पा, ज्यांचा फोन कधीच लागत नाही म्हणता, ते हेच काका?" ह्या वेळी मी तिला गप्प केलं नाही. त्यानं खिशातून पेन काढून माझ्याच कागदावर दुसरा नंबर लिहिला. तो लागतो.