माती आणि पालक तपासून घेतला: लॅबचं काम चोख, रिपोर्ट मात्र फोन करून समजून घ्या

पुण्यातल्या एका खाजगी लॅबकडून जड धातूंची तपासणी करून घेतली त्याचा अनुभव लिहितोय, भाजीवाल्या शेतकऱ्यांना उपयोग होईल. एक तक्रार पण आहे म्हणून लॅबचं नाव टाकत नाही.

आमचं रान मुळा-मुठेच्या काठाला, शहराच्या खालच्या अंगाला, म्हणजे सांडपाणी मिसळलेलंच पाणी वर्षानुवर्षं रानात येतंय. दोन सीझन झाले, पाटाचं पाणी जिथं पहिल्यांदा वाफ्यात शिरतं तिथलाच पालक पिवळा पडायचा, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, आणि पुढं बांधाकडं जावं तसा चांगला. औषधाच्या दुकानात सांगितलं लोह कमी पडलंय, फेरस मारा, दोनदा मारलं, चार दिवस बरं वाटायचं की परत तेच. मग म्हणाले गंधक टाका. टाकायच्या आधी सहज एक रोप उपटलं तर मुळं आखूड, जाड, टोकाला तपकिरी, आणि विहिरीवरच्या वाफ्यातलं रोप शेजारी ठेवलं तर त्याची मुळं पांढरी, बारीक तंतूंची. तेव्हा शंका आली.

सॉइल हेल्थ कार्ड आमच्याकडं आहे, पण त्यात 12 गोष्टी असतात, नत्र स्फुरद पालाश, सामू (म्हणजे पीएच, मातीचा आंबटपणा), क्षारता, सेंद्रिय कर्ब, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम त्यात नाहीतच, म्हणून खाजगीत जावं लागलं. तीन नमुन्यांचे साडेसात हजार गेले, कारण प्रत्येक धातूचे पैसे वेगळे लागतात.

यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचा माणूस स्वतः रानात आला. म्हणाला, "दादा, एकच नमुना घेऊन काही कळायचं नाही, पाण्याच्या तोंडाशी एक, शेवटाला एक आणि विहिरीवरच्या वाफ्यातला एक घेऊ. चुनखडीच्या रानात पण पालक असाच पिवळा पडतो, मग ते धातूमुळं का चुन्यामुळं हे ओळखणार कसं?" पत्र्याचं घमेलं घेऊ दिलं नाही, जस्ताचा मुलामा असतो म्हणून, प्लास्टिकच्या टबात माती कालवली. मातीबरोबर पालकाच्या जुड्या पण नेल्या, एक धुतलेली आणि एक तशीच.

रिपोर्टला तीन आठवडे लागले. तोंडाशी निकेल आणि जस्त विहिरीवरच्या रानापेक्षा बरंच जास्त निघालं, शेवटाला कमी. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात असे धातू असतात आणि ते गाळाबरोबर पहिल्यांदा जिथं पाणी थांबतं तिथंच बसतात. जस्त, निकेल वाढलं की झाडाचं लोहाचं गणित बिघडतं, म्हणून पान लोहाच्या कमतरतेसारखंच दिसतं आणि आपण फेरस मारत बसतो. कॅडमियमचं उलटं, ते जस्त-लोहाच्याच वाटेनं मुळात शिरतं, पान हिरवंगार असलं तरी आत साठतं, नुसतं बघून कळत नाही. आणि गंधकानं सामू खाली येतो, सामू खाली गेला की हेच धातू मातीतून सुटे होऊन झाडाला जास्त मिळतात. टाकलं नाही तेच बरं झालं.

आता तक्रार. पालकात कॅडमियम 1.1 मिलिग्रॅम दर किलोला असं छापलेलं, आणि पालेभाजीची कोडेक्सची (जागतिक अन्न मानकांची) मर्यादा 0.2 आहे हे मला माहीत होतं. त्या रात्री झोप लागली नाही, आई म्हणाली उद्याची तोडणी थांबव, थांबवली. सकाळी फोन केला तेव्हा कळलं की आकडा वाळवलेल्या पानाचा आहे आणि मर्यादा ताज्या भाजीची. पालकात नव्वद टक्के तर पाणीच असतं, म्हणजे ताज्या पानात साधारण 0.11. अहो हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती? दोन दिवसांचा माल गेला ते गेलं, पण दुसरा एखादा उलटा समज करून घेऊन विषारी माल बाजारात नेईल.

धुतलेल्या जुडीत शिसं न धुतलेल्यापेक्षा कमी आलं, म्हणजे आमच्याकडं बरंचसं रस्त्याच्या धुरळ्यातून पानावर बसतंय. शिसं मुळातून पानापर्यंत फारसं चढत नाही असं त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून जुड्या विहिरीच्या पाण्यानं दोनदा धुवून पाठवतो.

पाचपैकी चार स्टार. तुम्ही दिलात तर माती एकटी देऊ नका, पाला पण द्या, आणि आकडा वाळलेल्याचा का ताज्याचा हे आधीच लिहून घ्या. पालक मी विहिरीवरच्या वाफ्यात हलवलाय, पाटाच्या तोंडाला आता झेंडू आहे, आणि उन्हाळ्यात पाणी आटून घट्ट होतं तेव्हा त्याच तीन जागांचे नमुने परत देणार आहे.