कर्नल अपग्रेडनंतर नेटवर्क मंदावलं: जुना कर्नल, सेटिंग, रिअलटेकचा ड्रायव्हर की नवं कार्ड?

उबुंटू किंवा डेबियन लिनक्सवर अपडेट लावलं, मशीन रीबूट केलं, आणि कालपर्यंत सेकंदाला ११० मेगाबाइटने होणारी फाइल कॉपी आज वीस-पंचवीसवर रेंगाळते आहे. इंटरनेट चालतं, पिंग येतो, एरर कुठेच नाही. मदरबोर्डवर रिअलटेकची आरटीएल८१११/८१६८ घराण्यातली चिप असेल, तर अशा वेळी चार वाटा दिसतात: मागच्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्तीवर, परतायचं, नव्या कर्नलमधल्याच आर८१६९ ड्रायव्हरची सेटिंग बदलायची, रिअलटेकचा स्वतःचा आर८१६८ ड्रायव्हर बसवायचा, किंवा सरळ दुसरं नेटवर्क कार्ड घ्यायचं.

आमचं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी सेटिंगपासून सुरुवात करावी. त्यात खर्च नाही, रीबूट नाही, आणि चुकलं तर एका ओळीत पूर्ववत होतं. आजचं काम अडलं असेल तर जुना कर्नल लावून वेळ मारून न्यावी. मशीनवर चार लोकांचं रोजचं काम अवलंबून असेल, तर रिअलटेकच्या ड्रायव्हरच्या नादी लागण्याआधी नव्या कार्डाचा विचार करावा. इंटरनेटवर नेमका उलटा सल्ला जास्त दिसतो, ‘आर८१६८ टाका, काम होईल’ असा. काम होतंही, पण पुढच्या कर्नल अपडेटपर्यंत.

आधी दोष कर्नलचाच आहे का, ते बघा

स्पीडटेस्टच्या वेबसाइटवर मोजू नका. तिथे तुमच्या प्रोव्हायडरची लाइनही मोजली जाते. त्याच स्विचवरच्या दुसऱ्या मशीनवर आयपर्फ३ (दोन मशीनमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम) सर्व्हर म्हणून चालू करा, इकडून क्लायंट म्हणून तीस सेकंद चालवा, मग कॅपिटल-आर लावून उलट दिशेने पुन्हा तीस सेकंद. गिगाबिट लिंक निरोगी असेल तर दोन्ही दिशांना ९३० ते ९४१ मेगाबिट दिसतात. ९४१ हा आकडा आभाळातून पडलेला नाही: १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये खरा डेटा १४४८ बाइट असतो आणि तारेवर ते पॅकेट १५३८ बाइटची जागा घेतं.

आकडा ९४ च्या आसपास आला तर लिंक शंभरवर जुळलेली आहे. इथटूलला (कार्डाची सेटिंग दाखवणारी-बदलणारी कमांड) नुसतं इंटरफेसचं नाव दिलं की ‘स्पीड’च्या ओळीत ते दिसेल. शंभर मेगाबिटला केबलमधल्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी क्रिंपिंगमध्ये सैल असेल तर लिंक खाली उतरते. रीबूटच्या वेळी लिंक नव्याने जुळते, त्यामुळे आठवडाभर कुरकुरत असलेली केबल नेमकी अपग्रेडच्या दिवशी उघडी पडते आणि दोष कर्नलच्या माथी येतो. केबल बदला, स्विचचा पोर्ट बदला, मग पुढे जा.

आता ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूतून जुना कर्नल निवडा (मेनू दिसत नसेल तर यूईएफआय मशीनवर सुरुवातीला एस्केप, जुन्या बायॉसवर शिफ्ट) आणि त्याच केबलवर तीच चाचणी करा. जुन्यावरही मंदच असेल तर या लेखातल्या चारही वाटा तुमच्या कामाच्या नाहीत. जुन्यावर ९४० आणि नव्यावर ३०० असेल, तर दोन्ही कर्नलांवर तीन गोष्टी फाइलमध्ये साठवा: इथटूल स्मॉल-के (ऑफलोडची, म्हणजे सीपीयूऐवजी कार्डाने करायच्या कामांची यादी), चाचणीच्या आधी आणि नंतर इथटूल कॅपिटल-एस (कार्डाचे काउंटर), आणि डीमेसेजमधल्या (कर्नलच्या नोंदींमधल्या) आर८१६९ च्या ओळी. मग दोन फाइली डिफला, म्हणजे फरक दाखवणाऱ्या कमांडला, द्या. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

डीमेसेजमधली ओळ नीट वाचा. ‘आरटीएल८१६८एच/८१११एच’ असं नाव आणि पुढे ‘एक्सआयडी ५४१’ असा क्रमांक येतो. पीसीआय आयडी पुरेसा नाही, कारण कित्येक वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिपा एकच आयडी सांगतात. खरी पिढी एक्सआयडीवरून कळते, आणि कोणता उपाय लागू पडेल ते पिढीवर ठरतं.

सेटिंग बदलणं

एकच ड्रायव्हर एका कर्नलवर पळतो आणि दुसऱ्यावर लंगडतो, याचं मुख्य कारण म्हणजे डिफॉल्ट बदलतात. आर८१६९ मध्ये टीएसओचा इतिहास बघा. टीएसओ म्हणजे कर्नल ६४ किलोबाइटपर्यंतचा गठ्ठा कार्डाकडे देतो आणि त्याची पॅकेटं पाडण्याचं काम कार्ड करतं. सीपीयूचा भार हलका होतो. २०१९ मध्ये, ५.४ कर्नलसाठी, हे डिफॉल्ट चालू केलं. काही चिपांवर ट्रान्समिट अडकू लागलं, म्हणून पुन्हा डिफॉल्ट बंद केलं. २०२४ मध्ये निवडक पिढ्यांसाठी परत चालू केलं, कारण रिअलटेकचा स्वतःचा ड्रायव्हरही त्या पिढ्यांवर ते चालू ठेवतो. म्हणजे तुम्ही कुठल्या कर्नलवरून कुठल्या कर्नलवर उडी मारली, त्यावर टीएसओ चालू झालं की बंद, हे ठरतं. डिफमध्ये हीच ओळ शोधा.

आठवा, टीएसओ फक्त पाठवण्याच्या दिशेला लागतं. पाठवणं मंद आणि घेणं ठीक, असं असेल तरच इथे हात घाला. डीमेसेजमध्ये ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ आणि ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ अशी ओळ असेल तर टीएसओ बंद करा. उलट सीपीयू दुबळा असेल, पाठवताना एक कोअर पूर्ण भरत असेल आणि टीएसओ बंद दिसत असेल, तर चालू करून बघा. बदल इथटूल कॅपिटल-के ने होतो आणि तत्क्षणी लागू होतो.

इथे एक खड्डा आहे. आरटीएल८१६८ईव्हीएल या पिढीवर टीएसओ बंद करून स्कॅटर-गॅदर, म्हणजे एसजी (मेमरीत विखुरलेल्या तुकड्यांतून कार्डाने पॅकेट उचलणं), चालू ठेवलं तर वेग आणखी पडतो. कर्नलमध्ये याची वेगळी दुरुस्ती करावी लागली: दोन्ही बंद केल्यावर जुना वेग परत आला. म्हणून बंद करायचं तर एसजी बंद करा. टीएसओ त्यावर अवलंबून असल्याने ते आपोआप बंद होतं. नुसतं टीएसओ बंद करून ‘काही फरक नाही’ असं म्हणणारे इथेच चुकतात.

घेण्याची दिशा मंद असेल तर संशय एएसपीएमवर, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्या वीजबचतीवर. कामाचं ओझं नसताना पीसीआय एक्स्प्रेसची लिंक झोपते आणि पॅकेट आलं की उठते. उठायला लागणाऱ्या वेळात चिपच्या छोट्याशा बफरमध्ये गर्दी होते, पॅकेटं गळतात, काउंटरमधला ‘आरएक्स मिस्ड’ चढतो, आणि टीसीपीला वाटतं की रस्त्यात कोंडी आहे, म्हणून तो स्वतःहून वेग कमी करतो. आर८१६९ मध्ये एएसपीएमबाबतचं धोरण अनेकदा बदललं आहे. २०२३ मध्ये तर एक बदल आत घेऊन काही महिन्यांत मागे घ्यावा लागला.

तपासायला रीबूट लागत नाही. सिसफएसमध्ये, म्हणजे /sys फोल्डरात, पीसीआयई-एएसपीएम मॉड्यूलच्या पॅरामीटर्समध्ये ‘पॉलिसी’ नावाची फाइल आहे. रूट म्हणून तिच्यात ‘परफॉर्मन्स’ लिहा आणि आयपर्फ३ पुन्हा चालवा. फरक पडला तर तेच धोरण ग्रबमधल्या कर्नल ओळीत कायम करा. पीसीआयई-एएसपीएम ‘ऑफ’ हा पॅरामीटर मात्र वापरू नका. नावावरून वाटतं तसं तो एएसपीएम बंद करत नाही. ‘कर्नलने हात लावू नये, बायॉसने जे ठेवलं ते तसंच राहू द्यावं’ एवढाच त्याचा अर्थ आहे. बायॉसने चालू ठेवलं असेल तर ते चालूच राहतं. पॉलिसीच्या फाइलमध्ये लिहिताना परवानगी नाकारली, तर बायॉसने नियंत्रण दिलेलं नाही. मग बायॉसच्या सेटिंगमध्येच जावं लागेल. डेस्कटॉपवर याची किंमत नगण्य आहे, लॅपटॉपवर बॅटरी खाते. लॅपटॉप असेल तर सगळ्या पॉलिसीऐवजी सिसफएसमधल्या त्या एकाच कार्डाच्या ‘लिंक’ फोल्डरातल्या ‘एल१-एएसपीएम’ फाइलमध्ये शून्य लिहा.

इथटूलचे बदल रीबूटला पुसले जातात. नेटवर्क मॅनेजर वापरत असाल तर कनेक्शनच्या ‘इथटूल डॉट फीचर’ मालिकेत ते लिहा, नाहीतर सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये.

जुना कर्नल

पाच मिनिटांचं काम, हमखास परिणाम. दोष एवढाच की जुन्या कर्नलला सुरक्षेचे पॅच मिळणं थांबतं, आणि ‘दोन दिवसांसाठी’ होल्ड केलेलं (अपडेट रोखलेलं) पॅकेज दोन वर्षं तसंच राहतं. होल्ड करायचंच तर कर्नलच्या मेटा-पॅकेजवर (नवे कर्नल ओढून आणणाऱ्या पॅकेजवर) करा आणि कॅलेंडरमध्ये तारीख टाका.

उबुंटू २२.०४ वाल्यांसाठी मात्र ही वाट खरोखर चांगली आहे. तिथे दोन मालिका समांतर चालतात: मूळ ५.१५ आणि एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीची), जी ६.८ पर्यंत आली. डेस्कटॉपवर एचडब्ल्यूई आपोआप येते, आणि बरेचदा ‘नुसतं अपडेट केलं’ म्हणणाऱ्याचा कर्नल अख्खी मालिका ओलांडून गेलेला असतो. मूळ मालिकेला २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, त्यामुळे तिकडे परतणं म्हणजे पॅचविना राहणं नव्हे. ग्राफिक्स किंवा वायफाय नव्या कर्नलवर अवलंबून नसेल तर आम्ही सेटिंगशी झटण्याआधी हेच करू.

रिअलटेकचा आर८१६८

हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो आणि डीकेएमएस ही यंत्रणा प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्याने बांधतो. त्यासाठी त्या कर्नलचे हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइली) हवेत. कर्नलच्या आतली रचना बदलली आणि ड्रायव्हर जुना असला तर बांधणी फसते. शिवाय बसवताना सहसा आर८१६९ ला काळ्या यादीत टाकलं जातं. बांधणी फसली, आर८१६९ ला बंदी, म्हणजे मंद नेटवर्कऐवजी नेटवर्कच नाही, आणि दुरुस्तीचं पॅकेज उतरवायलाही वाट नाही. दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर हे झालं तर कुणाला तरी कीबोर्ड-मॉनिटर घेऊन तिथे जावं लागतं. आर८१६९ वर चालणारं दुसरं कार्ड मशीनमध्ये असेल तर तेही मुकं होतं. २.५ गिगाबिटच्या आरटीएल८१२५ ला आर८१६८ ओळखत नाही. तिच्यासाठी रिअलटेकचा आर८१२५ हा वेगळा ड्रायव्हर आहे.

सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते. पॅकेज बसवताना पासवर्ड मागितला जातो, पुढच्या रीबूटला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. चहा आणायला गेलात तर संधी हुकते आणि ड्रायव्हर लोड होत नाही.

मग हा घ्यायचा कधी? सेटिंग करून झाल्या, मूळ मालिकेवर परतणं शक्य नाही, कार्ड घालायला स्लॉट नाही, आणि मशीन हाताशी आहे, तेव्हा. त्या वेळी त्याचं ‘ईईई-एनेबल’ (इथरनेटची वीजबचत) आणि ‘एएसपीएम’ ही दोन्ही पॅरामीटर्स शून्यावर ठेवून तुलना करा, आणि फोनच्या यूएसबी टेदरिंगची एकदा चाचणी घेऊन ठेवा. अडकलात तर तीच सुटकेची वाट.

नवं कार्ड

गिगाबिट पुरत असेल तर इंटेल आय२१०, आयजीबी ड्रायव्हरवर चालणारं. २.५ गिगाबिट हवं असेल तर आय२२६. आधीच्या आय२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोष होते, जुना माल स्वस्तात मिळाला तरी टाळा. स्लॉटही बघा: पहिल्या पिढीची एक लेन सुमारे २ गिगाबिट वाहते, त्यामुळे जुन्या बोर्डावर २.५ चं कार्ड पूर्ण वेग देणार नाही. यूएसबी अडॅप्टर घेत असाल तर तो यूएसबी ३ पोर्टातच लावा; यूएसबी २ चा कागदावरचा वेगच ४८० मेगाबिट आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो.

कार्ड बदललं की इंटरफेसचं नाव बदलतं, ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होऊ शकतं. स्थिर आयपी नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) जुन्या नावाला बांधलेला असेल तर मशीन वर येतं पण नेटवर्कवर दिसत नाही. कार्ड घालण्याआधीच नेटप्लॅनमध्ये नावाऐवजी नव्या कार्डाच्या मॅक पत्त्याने जुळणी लिहा; पत्ता बहुधा कार्डावरच्या स्टिकरवर छापलेला असतो.

कुठलीही वाट घेतलीत तरी त्या साठवलेल्या फाइली टाकून देऊ नका. २०२० मध्ये एन३४५० प्रोसेसरच्या मिनी-पीसीवर आयपर्फ३ चा आकडा ९५० वरून ९०० झाला, एवढ्याशा फरकावर आर८१६९ मधला पीसीआय वाचनाच्या आकाराचा एक बदल मागे घेतला गेला. तुमच्या वितरणाच्या बग ट्रॅकरवर एक्सआयडी, दोन्ही कर्नलांचे नेमके क्रमांक, दोन्ही दिशांचे आकडे आणि इथटूलचा डिफ जोडा. हे सगळं आर८१६९ वर असतानाच काढा. बाहेरचा ड्रायव्हर लोड केलेल्या मशीनची तक्रार कर्नलची मंडळी सहसा बाजूला ठेवतात.