गळतीची रोजची नोंदवही : अमेरिकेच्या एनआरसीची ‘इव्हेंट नोटिफिकेशन’ सेवा

अणुऊर्जा केंद्रात शीतक, म्हणजे भट्टीची उष्णता वाहून नेणारं पाणी, गळलं तर ते बाहेरच्यांना किती तासांत कळतं? अमेरिकेचा अणु नियामक आयोग, म्हणजे एनआरसी, कामकाजाच्या दर दिवशी आलेल्या घटनांच्या नोंदी संकेतस्थळावर टाकतो. पैसे लागत नाहीत, नावनोंदणी लागत नाही, जुन्या नोंदीही तारखेनुसार उघडतात. अणुभट्टीतली गळती समजून घ्यायला याहून चांगलं उघडं साधन आमच्या पाहण्यात नाही. फक्त हे पान काय दाखवतं आणि काय दाखवू शकत नाही, एवढं आधी कळायला हवं.

नोंद उघडली की मजकुराआधी वरची चौकट वाचावी. तिथे केंद्राचं नाव, युनिट, भट्टीचा प्रकार, घटना घडल्याची आणि केंद्राचा एनआरसीला फोन आल्याची वेळ असते. या दोन वेळांमधलं अंतर पाहायची सवय लावून घ्या. वेळा अमेरिकेच्या असतात. पूर्व किनाऱ्याच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मिळवले की भारतीय वेळ येते. मग ‘१० सीएफआर ५०.७२’ या, घटना कळवण्याच्या अमेरिकी संघीय नियमाचं पोटकलम पाहावं. आणीबाणी जाहीर झाली असेल तर एका तासात कळवणं बंधनकारक आहे. तांत्रिक मर्यादा ओलांडल्यामुळे भट्टी बंद करायला घेतली किंवा चालू भट्टी ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, तर चार तास. दाबपात्र (इंधनाचा गाभा असलेलं जाड पोलादी भांडं) किंवा मुख्य नळ्यांसारखा सुरक्षेचा अडसर गंभीरपणे खराब झालेला आढळला, तर आठ तास. चौकटीच्या तळाशी घटनेआधीची आणि आत्ताची क्षमता टक्क्यांत दिलेली असते. १०० चे ० झाले असतील तर भट्टी थांबली, हे मजकूर न वाचताही कळतं.

मजकुरात ‘अनआयडेंटिफाइड लीकेज’ हे शब्द आले की नीट थांबून वाचा. दाबाखालच्या पाण्याच्या भट्टीत, म्हणजे पीडब्ल्यूआरमध्ये, उगम न सापडलेल्या गळतीची मर्यादा मिनिटाला १ गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर असते. उगम माहीत असलेल्या गळतीला, उदाहरणार्थ व्हॉल्व्हच्या पॅकिंगमधून टाकीत जमा होणाऱ्या पाण्याला, १० गॅलनपर्यंत मुभा असते. नळीच्या किंवा पात्राच्या धातूतूनच, तडा जाऊन, पाणी येत असेल तर मर्यादा शून्य. त्या वेळी सहा तासांत भट्टी थांबवावी लागते आणि ३६ तासांत थंड करावी लागते. उकळत्या पाण्याच्या भट्टीत उगम न सापडलेल्या गळतीची मर्यादा ५ गॅलन आहे, म्हणून दोन प्रकारच्या भट्ट्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

हा आकडा येतो कुठून? भट्टी स्थिर चालू असताना प्रेशरायझर (शीतकाचा दाब राखणारी टाकी) आणि इतर टाक्यांमधल्या पातळ्यांवरून पाण्याचा ताळेबंद मांडतात. सर्वसाधारण नियम दर ७२ तासांनी, बरीच केंद्रं रोज मांडतात. शिवाय कंटेनमेंटच्या, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीच्या, तळातल्या खड्ड्यात पाणी किती वेगाने भरतंय, हवेत किरणोत्सारी कण वाढले का, दमटपणा वाढला का, हेही पाहिलं जातं.

या सेवेची खरी उणीव इथेच आहे. मर्यादेच्या आतली गळती पानावर येतच नाही. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात मार्च २००२ मध्ये दाबपात्राच्या झाकणात मोठी पोकळी सापडली. नियंत्रण दांड्याच्या नळीला तडा गेला होता. तिथून झिरपणाऱ्या पाण्यात बोरिक आम्ल होतं. पाणी उडून गेलं, आम्ल दाट होत गेलं आणि त्याने सहा इंचांहून अधिक जाडीचं पोलाद खाल्लं. आतल्या बाजूला सुमारे एक सेंटिमीटर स्टेनलेस स्टीलचं अस्तर उरलं होतं आणि भट्टीचा सगळा दाब त्याने पेलला. या साऱ्या काळात मोजलेली गळती एका गॅलनच्या बरीच खाली होती. खुणा मात्र दिसत होत्या : हवा तपासणाऱ्या यंत्राचे फिल्टर गंज आणि बोरिक आम्लाने पुन्हा पुन्हा तुंबत होते, कंटेनमेंटमधल्या हवा थंड करणाऱ्या कॉइलवर तोच थर साचत होता. फिल्टर वरचेवर बदलावे लागणं या तासांच्या कोणत्याही कलमात बसत नाही. त्यामुळे पान कोरं असलं तर मर्यादा ओलांडली गेली नाही, इतकाच अर्थ घ्यावा.

एनआरसीला फोन करण्याची ही सक्ती आली तीही महागात पडलेल्या धड्यानंतर. २४ सप्टेंबर १९७७ ला याच डेव्हिस-बेसीत ९ टक्के क्षमतेवर असताना प्रेशरायझरवरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, उघडाच अडकला. सुमारे वीस मिनिटांत ते लक्षात आलं आणि मागचा व्हॉल्व्ह बंद झाला. ही माहिती पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राच्या ऑपरेटरांपर्यंत पोचली नाही. २८ मार्च १९७९ ला तिथे तसाच व्हॉल्व्ह अडकला, दोन तासांहून जास्त उघडा राहिला आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. ५०.७२ हा नियम त्यानंतर, १९८० मध्ये आला.

नवे वाचक ‘रिट्रॅक्शन’ (नोंद मागे घेणं) या शब्दाने हमखास गोंधळतात. कळवताना शंकेचा फायदा सुरक्षेला द्यायचा, मग हिशेब करून घटना निकषात बसत नसेल तर नोंद मागे घ्यायची, अशी पद्धत आहे. मूळ मजकूर तसाच राहतो आणि मागे घेण्याचं कारण त्याखाली जोडलं जातं. हे आम्हाला फार आवडलं. लपवाछपवीची शंका येण्याआधी ते कारण वाचावं.

पहिल्या नोंदीत मूळ कारण शोधू नका, ते बहुधा नसतं. केंद्राचं नाव आणि तारीख टिपून ठेवा आणि दोन महिन्यांनी त्याच घटनेचा ‘लायसन्सी इव्हेंट रिपोर्ट’ शोधा. ५०.७३ या जोडनियमाप्रमाणे तो ६० दिवसांत द्यावा लागतो. कोणता भाग निकामी झाला, का झाला, दुरुस्ती काय केली आणि तिथे पूर्वी असं कधी झालं होतं, हे सगळं त्यात असतं. शोधयंत्र जुनाट आणि हट्टी आहे, त्याचे गुण आम्ही कापतो. रोजच्या पानावर हरवलेली, किरणोत्सारी स्रोत असलेली माती-घनतामापक यंत्रं आणि इस्पितळांतल्या किरणोपचाराच्या चुकाही एकत्र येतात, त्या ओलांडून पुढे जावं लागतं. पाचपैकी चार.

आपल्याकडे एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक संस्था, जिचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, वार्षिक अहवालात महत्त्वाच्या घटना इनेस (अणुघटनांची तीव्रता मोजण्याची आंतरराष्ट्रीय श्रेणी) पातळीनुसार देते. ११ मार्च २०१६ ला गुजरातमधल्या काक्रापारच्या पहिल्या युनिटमध्ये शीतक वाहिनीतून जड पाणी गळलं, तेव्हा तिने निवेदनंही काढली. पुढे प्रेशर ट्यूबच्या, म्हणजे इंधन आणि शीतक असलेल्या नळीच्या, बाहेरच्या पृष्ठभागावर गंज आढळला. पण वर्षातून एकदा येणाऱ्या अहवालात तासांचा हिशेब लागत नाही. पालघर-बोईसरच्या वाचकाला अमेरिकी पानाचा थेट उपयोगही आहे : तारापूरची १९६९ ची पहिली दोन युनिटं जनरल इलेक्ट्रिकची, उकळत्या पाण्याची आहेत. त्यामुळे भट्टीच्या प्रकारात ‘जीई’ लिहिलेल्या नोंदी आधी वाचाव्यात. तारापूरची ३ आणि ४ क्रमांकाची युनिटं जड पाण्याची आहेत. त्या जातीची वीजभट्टी या पानावर सापडणार नाही.