फुकट मिळणारे ईमेल ८८,५०० रुपयांना: शाळा आणि वाचनालयांनी सही करण्याआधी हे वाचावं

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलच्या फाइलला हे बिल लावलेलं आहे. ‘स्कूल ईमेल पॅकेज’, ४२० आयडी, दर आयडीला वर्षाचे १२० रुपये, म्हणजे ५०,४००. सेटअप १२,०००. सर्व्हर चार्ज ९,६००. डोमेन ३,०००. बेरीज ७५,०००, वर १८ टक्के जीएसटी १३,५००. एकूण ८८,५०० रुपये. पालक-शिक्षक संघाच्या पैशांतून चेक गेला. ३४ शिक्षक-कर्मचारी आणि ३८६ मुलं, सगळ्यांना शाळेच्या नावाचे पत्ते मिळाले आणि वर्षभर ते नीट चालले. म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

यातले आयडीचे आणि सर्व्हरचे मिळून ६०,००० रुपये कशाचेच नव्हते. ती खाती ‘गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन फंडामेंटल्स’ या योजनेतली होती. मान्यताप्राप्त शाळांना ही योजना फुकट आहे आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा मिळते. मायक्रोसॉफ्टचीही ‘ए-वन’ नावाची अशीच फुकट योजना आहे. सर्व्हर गूगलचा, जागा गूगलची, विक्रेत्याचं एकही यंत्र मध्ये नाही. हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. शाळेच्या पत्त्यानं लॉगिन करताना समोर गूगलचंच पान येत असेल, तर ‘आमचा सर्व्हर’ हे शब्द खोटे आहेत.

सेटअपच्या पैशांबद्दल तक्रार नाही. कुणी दोन दिवस बसून काम केलं तर मेहनताना द्यायलाच हवा. ४२० खाती एकेक करून उघडत नाहीत. नाव, आडनाव, पत्ता, पासवर्ड आणि वर्गाचा गट अशा रकान्यांची एक सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल करून एकदम चढवतात. खरा वेळ जातो तो नावांच्या यादीत. आपल्याकडे एका वर्गात चार नाईक आणि तीन गावडे असतात, त्यात दोघांचं पहिलं नावही एकच निघतं. म्हणून पत्त्यात नावाबरोबर जनरल रजिस्टरचा नंबर घालावा. या विक्रेत्यानं तेही केलं नाही. त्यानं मुलांच्या जन्मतारखा मागून घेतल्या आणि त्याच पासवर्ड म्हणून ठेवल्या. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावणारी खूणही केली नाही. आठवीतल्या कुणालाही शेजाऱ्याचं खातं उघडता आलं असतं. आणि ३८६ मुलांची नावं, वर्ग, जन्मतारखा यांची ती फाइल आजही त्या माणसाकडे आहे.

बिलावरचा जीएसटी नंबरही नंतर तपासला गेला. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्यासाठी ३०, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. बिलावर बोट ठेवून मोजलं तेव्हा चौदाच भरली. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं चेक लिहिण्याआधी घालवायची असतात.

पण पैसे गेले हे या प्रकरणातलं लहान नुकसान आहे. मोठं नुकसान ‘डोमेन ३,०००’ या ओळीत होतं. डोमेन म्हणजे पत्त्यातलं ॲटच्या पुढचं नाव. डॉट इन नाव घ्यायला वर्षाला साधारण काही शे ते हजारभर रुपये पडतात. इथे तीन हजार घेतले, ते एक वेळ सोडून देऊ. नाव शाळेसाठी घेतलं, नोंद मात्र स्वतःच्या फर्मच्या नावावर केली. डॉट इन नावांचा सगळा कारभार निक्सी या संस्थेकडे आहे. ‘हू-इज’ शोधात नाव टाकलं की नोंदणी करणारी कंपनी, मुदत संपण्याची तारीख आणि बहुतेक वेळा मालक संस्था व राज्य दिसतं. या शाळेच्या नोंदीत राज्याच्या जागी गोवा नव्हतंच.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर असण्याचा अर्थ पहिल्या वर्षी कळत नाही. गूगलच्या व्यवस्थेत सगळ्यांत वरचा अधिकार ‘सुपर ॲडमिन’चा. तोच खाती उघडतो, थांबवतो, पुसतो. इथे सुपर ॲडमिन एकच होता, विक्रेता. मुख्याध्यापकांना दिलेलं ‘ॲडमिन खातं’ प्रत्यक्षात फक्त पासवर्ड बदलू शकणारं होतं. आता शाळेनं गूगलकडे जाऊन ‘आमचं खातं आम्हाला द्या’ म्हटलं तर गूगल ओळखपत्र पाहत नाही. एक संकेतशब्द देतो आणि सांगतो, हा तुमच्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत सीनेम रेकॉर्ड म्हणून घाला. डीएनएस म्हणजे डोमेनची तांत्रिक नोंदवही, सीनेम ही तिच्यातली एक ओळ. ज्याच्या हातात डीएनएस, तोच घालू शकतो. गूगलच्या दृष्टीनं डोमेनचा धनी तोच शाळेचा धनी. मान्यतेचं पत्र, संस्थेचा शिक्का, चेअरमनची सही, कशाचाच तिथे उपयोग होत नाही.

दुसऱ्या वर्षी बिल आलं ते दर आयडीला ३५० रुपयांचं. ४२० आयडींचे १,४७,००० रुपये. व्यवस्थापन समितीनं नकार दिला. आठव्या दिवशी सकाळी एकाही शिक्षकाला लॉगिन होईना, खातं थांबवल्याचा संदेश यायचा. फोनवर उत्तर मिळालं, ‘सर, सर्व्हर वरून बंद होतो, माझ्या हातात काही नाही.’ हे धडधडीत खोटं होतं. ॲडमिन कन्सोलमध्ये, म्हणजे खात्यांच्या व्यवस्थापनाच्या पानावर, नावांपुढे खूण करून ‘सस्पेंड’ दाबलं की झालं. शेवटी घासाघीस करून २५,००० रुपये यूपीआयनं दिले आणि शिक्षकांची खाती दहा दिवसांसाठी उघडून घेतली.

त्या दहा दिवसांत जे केलं ते कुणावरही ही वेळ आली तर उपयोगी पडेल. प्रत्येक शिक्षकानं गूगल टेकआउट (आपला डेटा उतरवून घेण्याची गूगलची सोय) उघडून आपला ईमेल आणि ड्राइव्ह बाहेर काढला. ड्राइव्ह मोठा असेल तर दोन-दोन जीबीचे तुकडे होतात आणि उतरवून घेण्याची लिंक साधारण आठवडाभरच चालते. त्यामुळे आज मागवून चवथीच्या सुटीत उतरवू, असं करून चालत नाही. वीज गेली की उतरवणं मध्येच तुटतं, म्हणून लहान तुकडे बरे. ‘ट्रान्सफर युवर कंटेंट’ ही दुसरी सोय शाळांच्या खात्यांना असते. तिच्यातून सगळं सरळ शिक्षकाच्या खाजगी जीमेलमध्ये जातं. अर्थात ॲडमिननं ती सोय बंद ठेवली नसेल तरच.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टेकआउट फक्त तुमच्या मालकीच्या फायलींसाठी आहे असं धरून चाला. या शाळेच्या प्रश्नपत्रिकांचं फोल्डर विक्रेत्यानं आपल्या ॲडमिन खात्यातून बनवून शिक्षकांना ‘शेअर’ केलं होतं. फायलीवर उजवं बटण दाबून तपशील पाहिला तर मालक म्हणून त्याचंच खातं. अशा फायलींची ‘मेक अ कॉपी’ करून आधी आपल्या मालकीची प्रत करावी लागते. गणिताच्या शिक्षकांनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं म्हणून प्रश्नपेढी वाचली. मुलांची खाती विक्रेत्यानं उघडलीच नाहीत. मुलांनी वर्षभर केलेले प्रकल्प तिथेच राहिले.

पोलिसांत जाताना एक अडचण येते. ऐकणाऱ्याला वाटतं, हा तर बिलाचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. म्हणून तक्रारीची सुरुवात दराच्या भांडणानं करू नये. बिलावरची ‘डोमेन’ ही ओळ आणि ‘हू-इज’ची छापील प्रत शेजारी शेजारी लावावी: वस्तू शाळेला विकली, पैसे घेतले, नोंद स्वतःच्या नावावर केली. सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची प्रत रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात द्यावी. यूपीआयचा व्यवहार ताजा असेल तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करावा, कारण पैसे रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. हीच दोन कागदपत्रं डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागालाही पाठवावीत.

डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयाचा प्रकार आणखी साधा. तीन ‘ऑफिशियल लाइफटाइम ईमेल’ साडेचार हजारांना. निघाली तीन साधी जीमेल खाती, पत्त्यात वाचनालयाचं नाव घातलेली. तिन्हींचा रिकव्हरी फोन विकणाऱ्याच्या पोराचा. ग्रंथपालबाईंनी नव्या फोनवर लॉगिन केलं की ओटीपी त्याच्याकडे जायचा. ‘लाइफटाइम’ही खोटं होतं: दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसून टाकू शकतो आणि तिसरं खातं कुणी कधी उघडलंच नव्हतं. उरलेल्या दोन खात्यांचा रिकव्हरी फोन, रिकव्हरी ईमेल आणि पासवर्ड त्याच क्रमानं बदलून घेतला. शेवटी ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ केलं.

वाचनालयांनी हेही जाणून घ्यावं की गूगलची शाळांसाठीची फुकट योजना स्वतंत्र वाचनालयाला लागू होत नाही. सोसायटी म्हणून नोंद असेल आणि आयकराच्या कागदपत्रांची पूर्तता असेल, तर गूगलच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या योजनेत अर्ज करता येतो. तीन-चार पत्त्यांचीच गरज असेल तर झोहो या कंपनीची फुकट योजना पुरते. एका डोमेनवर पाच जण, प्रत्येकी पाच जीबी. फक्त ती ब्राउझर आणि झोहोच्या ॲपमधून चालते, आउटलुकसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडता येत नाही.

आता नीट कसं करायचं. सगळ्यांत आधी डोमेन, आणि तेही संस्थेच्याच नावावर. शाळेला डॉट ईडीयू डॉट इन घेता येतं. त्याची नोंदणी अर्नेट इंडिया ही सरकारी अखत्यारीतली संस्थाच करते, लेटरहेडवर अर्ज आणि मान्यतेची कागदपत्रं मागते. त्यामुळे ते नाव विक्रेत्याच्या नावावर सहजासहजी जात नाही. अनुदानित शाळांनी हाच मार्ग घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. डोमेनच्या खात्याला जो संपर्काचा ईमेल द्यायचा तो त्याच डोमेनवरचा नसावा. मुदत संपून डोमेन बंद पडलं तर नूतनीकरणाची आठवणही त्याच बंद पेटीत जाईल.

मग गूगलकडे शाळा म्हणून अर्ज. यूडायसचा (शाळांच्या सरकारी नोंदीचा) ११ आकडी क्रमांक, मान्यतेचं पत्र आणि शाळेचं संकेतस्थळ हाताशी ठेवावं. मंजुरीला दोन आठवडे लागू शकतात, कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही. डीएनएसमध्ये एमएक्स रेकॉर्ड (ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारी ओळ) एकच घालायचा, एसएमटीपी डॉट गूगल डॉट कॉम, प्राधान्य १. जुन्या माहितीत पाच रेकॉर्ड दिसतात, तेही चालतात, पण दोन्ही मिसळू नयेत. एसपीएफची नोंद, म्हणजे डोमेनच्या नावानं कोण ईमेल पाठवू शकतं त्याची यादी, एका डोमेनला एकच असते. संकेतस्थळवाल्यानं एक आणि ईमेलवाल्यानं दुसरी घातली की दोन्ही बाद होतात आणि शाळेची पत्रं स्पॅममध्ये जाऊ लागतात. डीकेआयएमची (पत्रावरच्या डिजिटल सहीची) २,०४८ बिटांची किल्ली कन्सोलमध्ये तयार करून डीएनएसमध्ये चिकटवायची, एक-दोन दिवस थांबायचं आणि मगच ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचं. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं तो नियम) आधी फक्त पाहणीवर ठेवावा, महिन्याभरानं कडक करावा.

सुपर ॲडमिन दोन हवेत, मुख्याध्यापक आणि संगणक शिक्षक. दोघांनाही टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर दुसरी पडताळणी. प्रत्येकाचे दहा बॅकअप कोड छापून बंद लिफाफ्यात, सहीनिशी, शाळेच्या तिजोरीत. विक्रेत्याला काम करायचं असेल तर त्याला तात्पुरतं ॲडमिन खातं द्यावं आणि काम संपल्याच्या दिवशीच काढून घ्यावं. विद्यार्थ्यांचा गट वेगळा करून १८ वर्षांखालील म्हणून नोंदवावा आणि त्यांचा ईमेल शाळेच्या डोमेनपुरताच ठेवावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलेली आहे. प्रवेशाच्या फॉर्ममध्येच ती ओळ घालावी. कुणी शिक्षक निवृत्त झाले तर खातं लगेच पुसू नये. आधी थांबवावं, ड्राइव्हची मालकी दुसऱ्याकडे द्यावी, मग पुसावं. चूक झाली तर २० दिवसांत परत आणता येतं, त्यानंतर नाही.

फोंड्याची शाळा आता नव्या डोमेनवर आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद आहे, मुदतीच्या तारखेसकट. जुनं डोमेन अजून त्या माणसाच्याच नावावर आहे आणि खरी काळजी त्याचीच आहे. बँक, यूडायस, बोर्डाचं पोर्टल, टॅन (कर कपातीचा क्रमांक), भविष्य निर्वाह निधी, जिथे जिथे जुना पत्ता दिलेला आहे, तिथला ‘पासवर्ड विसरलात?’चा संदेश अजून त्याच पेटीत पडू शकतो. त्यानं डोमेन सोडलं आणि तिसऱ्याच कुणी ते उचललं तर ती पेटी त्याची. म्हणून क्लार्कबाईंनी अशा सतरा ठिकाणांची यादी केली. त्यांतली चौदा बदलून झाली. उरलेल्या तिन्ही ठिकाणी पत्ता बदलायला जुन्याच पत्त्यावरचा ओटीपी लागतो. तिथे लेखी अर्ज दिले आहेत. जुन्या डोमेनची मुदत संपल्यावर ते लगेच सुटत नाही, महिना-दोन महिने लागतात. ती तारीख आता स्टाफरूमच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेली आहे. ते मोकळं झालं की त्याच दिवशी शाळेच्या नावावर घ्यायचं ठरलं आहे.